काळ्या पाण्यावरचे कैदी : बेडी, आजार आणि ईमान

एखाद्याची दूर कुठे आडगावी बदली झाली, की ‘त्याला काळ्या पाण्यावर धाडले’ असे आपण हसत म्हणतो. शब्द रोजच्या बोलण्यात इतका मुरला आहे की त्यामागचे दुःख आता जाणवत नाही. काळे पाणी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अंदमानचा सेल्युलर जेल उभा राहतो. तो जेल बांधून पूर्ण झाला १९०६ साली. अंदमानात कैदी उतरले त्याच्या ४८ वर्षे आधी, १८५८ मध्ये. त्या पहिल्या काही वर्षांत जे तिथे गेले त्यांच्यात शिपाई होते, शेतकरी होते, जमीनदार होते. आणि ज्यांच्यासमोर शेकडो विद्यार्थ्यांनी गुडघे टेकून इल्म मिळवले, असे मोठे आलिमही होते.

वाचकहो, या लेखात आम्ही त्या कैद्यांच्या पराक्रमाची गाथा सांगणार नाही. आमचा प्रश्न साधा आहे. कैदेत माणसाच्या शरीराचे काय होते, त्याच्या दीनचे काय होते, आणि तुरुंगाची शिस्त या दोन्हींशी कशी वागते? सरकारी दप्तरात शिस्त, धर्म आणि आरोग्य यांची पाने वेगवेगळी असतात. कैद्याच्या आयुष्यात मात्र ती एकच असतात. ज्या पाण्याने वजू करायचा तेच पाणी प्यायचे असते. ज्या हातांना बेडी आहे तेच हात दुआसाठी उचलायचे असतात.

लोट्यावरून पेटलेला तुरुंग

अंदमानची वसाहत होण्याआधीच कंपनी सरकारने हिंदुस्थानातल्या तुरुंगांना नवे वळण द्यायला सुरुवात केली होती. तुरुंगांच्या शिस्तीचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीने १८३८ साली अहवाल दिला. मेकॉले या समितीचा सदस्य होता. तुरुंगात कैदी फार मोकळे राहतात, शिक्षेचा धाक वाटत नाही, असा त्या अहवालाचा सूर होता. तोपर्यंत अनेक ठिकाणी कैद्याला रोजचे थोडे पैसे मिळत आणि तो आपले जेवण आपण रांधून खाई. १८४० च्या दशकात ही पद्धत मोडून सगळ्यांसाठी एकत्र भटारखाना आणला गेला. सरकारच्या दृष्टीने ती काटकसर आणि शिस्त होती. कैद्यांना मात्र वाटले, आता ताटावरही आपला हक्क उरला नाही. ठिकठिकाणी दंगे झाले.

मग १८५५ मध्ये बिहारमधल्या आरा आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगांत आणखी एक हुकूम आला. कैद्यांकडचे पितळी लोटे काढून घ्यायचे आणि मातीची भांडी द्यायची. पितळी लोटा फेकून मारता येतो, हे सरकारचे कारण. आपल्या घरातला बधना किंवा लोटा ज्यांनी वापरला आहे, त्यांना त्याची किंमत सांगायला नको. तहारत, वजू, पिण्याचे पाणी, सगळे त्या एका भांड्यावर चालते. हिंदू कैद्यांच्या दृष्टीने मातीचे भांडे एकदा विटाळले की पुन्हा शुद्ध होत नाही. शरीअतने मातीचे भांडे वर्ज्य केलेले नाही, तरीही मुसलमान कैदी या विरोधात हिंदू कैद्यांच्या बरोबर राहिले. कारण प्रश्न फक्त भांड्याचा नव्हता. आपला धर्म हळूहळू काढून घेण्याचा हा डाव आहे, असा संशय सगळ्यांच्या मनात होता. मुझफ्फरपूरला तर शहरातले लोक तुरुंगाभोवती जमले आणि अधिकाऱ्यांना लोटे परत करावे लागले. दोनच वर्षांनी १८५७ चा उठाव झाला, तेव्हा उठाववाल्यांनी जागोजाग तुरुंगांचे दरवाजे फोडले.

पहिले तीन महिने

उठाव दडपल्यावर सरकारपुढे प्रश्न पडला : फोडलेल्या तुरुंगांत इतके कैदी ठेवायचे कुठे? बंगालच्या तुरुंगांचा प्रमुख डॉ. मोआट याच्या समितीने अंदमान बेटांची पाहणी केली आणि १० मार्च १८५८ रोजी २०० कैदी घेऊन पहिले जहाज तिथे पोहोचले. वसाहतीचा प्रमुख होता डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर. तोही डॉक्टर, आणि त्याआधी आग्र्याच्या तुरुंगाचा अधीक्षक. म्हणजे जागा निवडणारा डॉक्टर आणि कारभार पाहणाराही डॉक्टर! पण डॉक्टरच्या हाती वसाहत आली म्हणून कैद्यांची प्रकृती सुखरूप राहिली, असे झाले नाही.

चॅथम बेटावर उतरलेल्या कैद्यांना पिण्याचे पाणी पुरेना. मग मुक्काम रॉस बेटावर हलवावा लागला. दाट जंगल तोडायचे, झाडांची मुळे उपटायची, दलदल भरायची, हे काम. पाऊस सुरू झाला की हिवताप, हगवण आणि पायांना चिघळणारी क्षते. पळून जावे तर समोर समुद्र आणि मागे जंगल. पहिल्या सुमारे तीन महिन्यांचा सरकारी हिशोब पाहा : आलेले कैदी ७७३, इस्पितळात मेलेले ६४, पळून गेलेले आणि पुन्हा न सापडलेले १४०, आत्महत्या १, फाशी दिलेले ८७. उरले ४८१. दर १०० कैद्यांमागे ३७ पेक्षा जास्त तीन महिन्यांत नाहीसे झाले.

मातीविना मयत

या वसाहतीत १८५९ साली मौलाना फज्ले हक खैराबादी यांना आणले गेले. सीतापूरजवळच्या खैराबादचे हे आलिम मंतिक आणि फलसफ्याचे उस्ताद होते आणि मिर्झा गालिब यांचे जवळचे मित्र. लखनौला खटला चालून त्यांना जन्मठेप झाली, तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते. ज्यांच्या हातात आयुष्यभर किताब होती, त्यांना उतारवयात मजुरी आणि आजार वाट्याला आले.

मौलानांनी कैदेत अरबीत एक छोटा ग्रंथ लिहिला, ‘अस्सौरतुल हिंदिया’. उठावाची हकिकत सांगता सांगता त्यांनी बेटावरच्या हालांचेही वर्णन केले आहे. दूषित पाणी, अंगावर पुरेसे कपडे नाहीत, साथीचे रोग, कातडीचे विकार, आणि आजार वाढवणारे औषधपाणी. पण सर्वांत खोल जखम त्यांना दुसऱ्याच गोष्टीने झाली. कैदी मेला की त्याला पायाला धरून ओढत नेत आणि वाळूत पुरत. ना गुसल, ना कफन, ना नमाजे जनाजा.

इथे क्षणभर थांबून विचार करावा असे आम्हाला वाटते. मुसलमानाच्या घरात मयत झाली की शेजारीपाजारी धावून येतात. गुसल देणारे येतात, कफन शिवले जाते, अनोळखी माणूसही चार पावले खांदा देतो. गरिबातला गरीबही या हक्काला मुकत नाही. त्या बेटावर हाच हक्क काढून घेतला गेला होता. मरणाची भीती त्या आलिमांना नसावी; पण कोणी नमाज न पढता आपण मातीआड जाऊ, ही भीती किती मोठी असेल! मौलाना खैराबादी ऑगस्ट १८६१ मध्ये तिथेच अल्लाहला प्यारे झाले. त्यांची मजार आज अंदमानात आहे आणि लोक तिथे जाऊन फातिहा पढतात.

किताबांशिवाय किताब

मौलानांच्या आधीच एक दुसरे आलिम बेटावर पोहोचले होते, मुफ्ती इनायत अहमद काकोरवी. त्यांच्याजवळ एकही संदर्भग्रंथ नव्हता. तरी त्यांनी आठवणीच्या बळावर अरबी व्याकरणातल्या सर्फ या विषयावर ‘इल्मुस्सीगा’ लिहिले, आणि प्यारे नबी हजरत मुहम्मद (स.) यांच्या सीरतवर ‘तवारीखे हबीबे इलाह’. सुटून आल्यावर त्यांनी ते मजकूर ग्रंथांशी ताडून पाहिले. एका अरबी भूगोलग्रंथाचा तर्जुमा करून दिल्याबद्दल त्यांची सुटका झाली, असे सांगतात. मौलाना खैराबादी यांचे कागदाच्या तुकड्यांवरचे आणि कापडावरचे लिखाणही त्यांनीच आपल्याबरोबर आणून मौलानांच्या मुलापर्यंत पोहोचवले, अशी रिवायत आहे.

‘इल्मुस्सीगा’ आजही मदरशांत शिकवली जाते. मदरशात शिकणाऱ्या आपल्या मुलाला एकदा विचारा, ही किताब कुठे लिहिली गेली. उत्तर त्याला ठाऊक नसेल, तर ते सांगण्याचे काम घरातल्या मोठ्यांचे आहे.

ठाण्याच्या भिंतीआड

काळ्या पाण्याच्या वाटेवर आपला महाराष्ट्रही लागतो. १८६४ साली अंबाल्याच्या खटल्यात मौलाना यह्या अली, मुहम्मद जाफर थानेसरी आणि त्यांच्या एका साथीदाराला फाशीची शिक्षा झाली. शिक्षा ऐकून हे लोक घाबरले नाहीत, उलट शहादत मिळणार म्हणून खूश दिसले. तेव्हा फाशी रद्द करून त्यांना जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा दिली गेली. त्याबरोबर तुरुंगाचा नियम लागू झाला : डोके, दाढी आणि मिशा साफ भादरायच्या. अधिकाऱ्यांच्या लेखी ही स्वच्छता आणि शिस्त होती. दाढी ही ज्याला सुन्नत वाटते, त्याच्यासाठी तो अपमान होता. उवा होऊ नयेत म्हणून केस कापणे आणि माणूस नमावा म्हणून केस कापणे, यात वस्तरा एकच असतो. फरक हेतूत असतो, आणि तो कैद्याला बरोबर कळतो.

थानेसरी यांनी पुढे ‘कालापानी’ या नावाने प्रसिद्ध झालेली आपली आत्मकथा लिहिली. अंबाल्याहून लाहोर, तिथून मुलतान, मग कराची आणि समुद्रमार्गे मुंबई, असा बेड्या घातलेल्या कैद्यांचा प्रवास त्यात आहे. मुंबईहून त्यांना ठाण्याच्या तुरुंगात आणून ठेवले. हा तुरुंग जुन्या किल्ल्यात आहे आणि आजही ठाणे मध्यवर्ती कारागृह म्हणून तिथेच चालू आहे. ठाणे, मुंब्रा, भिवंडीकडचे आमचे कितीतरी वाचक त्या भिंतीजवळून नेहमी जातात. त्याच भिंतीआड थानेसरी आणि त्यांचे साथी अंदमानच्या जहाजाची वाट पाहत होते. डिसेंबर १८६५ मध्ये जहाज मुंबईहून निघाले आणि ११ जानेवारी १८६६ ला पोर्ट ब्लेअरला लागले.

मौलाना यह्या अली दोनच वर्षांनी, १८६८ मध्ये, अंदमानातच वारले. थानेसरी लिहिता-वाचता येणारे म्हणून कचेरीत मुन्शी झाले. कठोर मजुरी टळली आणि शरीर टिकले. त्यांनी इंग्रजी शिकून घेतली, साहेब लोकांना उर्दू शिकवली, तिथेच संसार मांडला आणि १८८३ साली बायकामुलांसह परत आले. एकाच खटल्यातले, एकाच ईमानाचे दोन कैदी. एकाची तिथेच कबर झाली आणि दुसरा घरी परतला. नशीब अल्लाहच्या हाती असते हे खरेच. पण कोणाला कुदळ मिळते आणि कोणाला कलम, यावरही तुरुंगात जगणे-मरणे ठरते, हे इथे उघड दिसते.

कैद्यावर कैदीच

अंदमानात कैद्यांच्या गळ्यात लाकडी बिल्ला असे. त्यावर नंबर आणि शिक्षेची तारीख. चांगली वर्तणूक राहिली तर वरचा वर्ग, मग स्वतःची शेती किंवा धंदा करण्याची परवानगी, लग्नाची मुभा. ज्यांच्यावर भरवसा बसे त्यांना इतर कैद्यांवर टिंडाल आणि जमादार नेमत. या रचनेत माणसे कमी लागत आणि कैद्यांची एकी होत नसे. पुढे सेल्युलर जेलमध्येही हीच पद्धत राहिली. तिथल्या वॉर्डरांत पठाण आणि बलुची कैदी होते, आणि राजकीय कैद्यांच्या आठवणींत त्यांच्या मारझोडीची वर्णने येतात. ही गोष्ट आपण झाकून ठेवू नये. जुलूम करणारा आपल्या नावाचा असला म्हणून जुलूम हलका होत नाही. सरकारने एका कैद्याच्या हाती दंडुका देऊन दुसऱ्याची पाठ फोडली, आणि दोघांच्या मनात एकमेकांच्या धर्माविषयी कडवटपणा पेरला. तो कडवटपणा जेलच्या भिंतीबाहेरही आला.

८ फेब्रुवारी १८७२ रोजी होपटाउनच्या धक्क्यावर शेर अली आफ्रिदी या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोची हत्या केली. ११ मार्चला व्हायपर बेटावर त्याला फाशी झाली. त्यानंतर वसाहतीवरची नजर कडक होत गेली. १८९० साली लायल आणि लेथब्रिज या दोघांनी पाहणी करून सांगितले की काळ्या पाण्याचा धाक उरलेला नाही, नव्या कैद्याला सुरुवातीचे काही महिने एकांतात ठेवले पाहिजे. यातला लेथब्रिजही पेशाने डॉक्टरच. त्यातून सेल्युलर जेल उभा राहिला. बांधकाम १८९६ ते १९०६. मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात इमारती, तीन मजले, सुमारे ७०० कोठड्या. एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडे दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कोणी कोणाचे तोंड पाहू नये. आपल्या दीनमध्ये जमाअतची नमाज एकट्याच्या नमाजपेक्षा कितीतरी पटींनी श्रेष्ठ मानली आहे. खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, ही तिची खूण. सेल्युलर जेलची रचनाच अशी होती की कोठडीत बंद माणसाला दुसऱ्याचा खांदा मिळू नये.

डॉक्टरची सही

तुरुंगातल्या आरोग्याचे सर्वांत बोलके कागद म्हणजे १८९४ चा कारागृह कायदा. त्यात चांगल्या तरतुदी आहेत. मजुरी करणाऱ्या कैद्याचे वजन दर पंधरवड्याला नोंदवावे. काम झेपत नसेल तर डॉक्टरच्या सांगण्यावरून काम बदलावे. पण त्याच कायद्यात असेही आहे की फटक्यांची शिक्षा देण्याआधी डॉक्टरने कैदी ती सोसू शकेल असे प्रमाणपत्र द्यावे. ज्याचा हात नाडीवर, त्याचीच सही फटक्यांवर! सेल्युलर जेलमध्ये कोलू फिरवून रोज ३० पौंड खोबरेल काढण्याचे काम होते. अशा ठिकाणी वजनाची नोंद माणसासाठी होती की कामासाठी, हा प्रश्न पडतोच.

मे १९३३ मध्ये तिथल्या राजकीय कैद्यांनी बरे अन्न, दिवा, साबण आणि वाचायला पुस्तके मिळावीत म्हणून उपोषण केले. त्यांना बळजबरीने नळीने दूध पाजण्यात आले आणि महावीर सिंग, मोहन किशोर नमोदास आणि मोहित मोइत्र हे तिघे दगावले. जीव वाचवण्याच्या नावाखाली केलेल्या उपचारानेच जीव गेले.

त्याआधी, १९१९-२० च्या तुरुंग समितीने अंदमानला कैदी पाठवणे थांबवावे अशी शिफारस केली होती. तरी १९२१ च्या मलबारच्या उठावानंतर मोठ्या संख्येने मापिळा मुसलमान तिकडे धाडले गेले. पुढे अनेकांची कुटुंबे तिथे गेली आणि स्थायिक झाली. दक्षिण अंदमानात आज मंजेरी, मलप्पुरम, कालिकत अशी नावे असलेली गावे आहेत. ज्यांचे गाव सुटले, त्यांनी गावाचे नाव बरोबर नेले.

आपल्यासाठी धडा

हजरत यूसुफ (अलै.) बेगुनाह असून कैदेत राहिले. तिथेही ते साथीच्या कैद्यांना तौहीद समजावत राहिले, हे कुरआन सांगते. बद्रच्या लढाईत कैदी हाती आले तेव्हा प्यारे नबी (स.) यांनी त्यांच्याशी भलेपणाने वागण्याची ताकीद दिली. सहाबांनी स्वतः खजूर खाऊन कैद्यांना रोटी दिली, असे सीरतच्या किताबांत येते. आणि ते कैदी तर लढायला आलेले दुश्मन होते. सूरह दहरमध्ये मिस्कीन आणि यतीम यांच्या जोडीने कैद्याला जेवू घालणाऱ्यांची तारीफ आली आहे. कैद्याने काय केले होते, अशी अट तिथे घातलेली नाही.

इंग्रज गेले, पण त्यांचा १८९४ चा कायदा आणि त्यावर बेतलेल्या नियमपुस्तिका बराच काळ आपल्या तुरुंगांचा पाया राहिल्या. कैद्याची जात पाहून स्वयंपाकाचे आणि सफाईचे काम वाटण्याचे नियम अनेक राज्यांच्या पुस्तिकांत होते. ते घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिला. लोट्याचा दंगा १८५५ चा. ताटाचा निकाल २०२४ चा!

आम्ही वाचकांना दोनच गोष्टी सांगू इच्छितो. पहिली, तुरुंगात असलेल्या प्रत्येकाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, त्याची मिळकत कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. मोहल्ल्यातल्या एखाद्या आईला हे ठाऊक नसेल, तर तिला सांगा, अर्ज लिहून द्या, मुलाकातीच्या दिवशी कोणीतरी तिच्याबरोबर जा. आजारी कैद्याच्या औषधाचे जुने कागद तुरुंगाच्या डॉक्टरपर्यंत पोहोचवा. एवढ्यानेही जीव वाचतो.

दुसरी गोष्ट, कैद्याच्या घराला वाळीत टाकू नका. गुन्हा शाबीत व्हायचा असो की झालेला असो, त्याची बायको, मुले, म्हातारे आईबाप यांनी काही केलेले नसते. ईदचा शीरखुर्मा त्यांच्या घरी आधी जाऊ द्या. मुलांची फी थकली असेल तर गाजावाजा न करता भरा. त्यांच्या घरी मयत झाली तर खांदा द्यायला सगळ्यात आधी पोहोचा. अंदमानच्या वाळूत जे कफनाविना गेले, त्यांना आपण आता खांदा देऊ शकत नाही. त्यांच्यासाठी मगफिरतची दुआ करू शकतो, आणि आपल्या दाराशेजारच्या कैद्याच्या घरासाठी त्याहून पुष्कळ काही करू शकतो.